बाईच्या हातचं वाइंडिंग

भिलाईच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी या वर्षी मला लिहायला सांगितलं. विषयही त्यांनीच दिला, बारावीनंतर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग घ्यावं का. मी म्हणलं, भाऊ, मी सातवी शिकलेला माणूस. इंजिनिअर नाही, वाइंडर आहे, म्हणजे जळालेली मोटर खोलून तिच्यात नवीन तार भरणारा. मंडळात स्टील प्लांटमधून रिटायर झालेले एवढे साहेब आहेत, त्यांना धरा. संपादक म्हणाले, "साहेबांचे लेख आले ना. सगळ्यांनी अमेरिकेच्या सहलीवर लिहिलं."

मग मी हो म्हणलं. पण आधीच सांगून ठेवतो, ज्याला मार्गदर्शन पाहिजे त्यानं पान उलटवून पुढं जावं. मी रागानं लिहून राहिलो. हा राग उन्हाळ्यापासून आहे अन् अजून उतरला नाही.

गोष्ट माझ्या नातीची आहे. तन्वी तिचं नाव. माझा मुलगा दिलीप पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुनिया आपली पोरं शिकायला पुण्याला पाठवते, यानं पुण्याहून पोरगी भिलाईला पाठवली, कावून का इथल्या कोचिंगचं नाव मोठं. अकरावीपासून ती खुर्सीपारला माझ्या घरी राहिली. ती आली तेव्हा तिची आजी, माझी शेवंता, होती. तन्वी बारावीत गेली तेव्हा नव्हती. मग घरात आम्ही दोघंच. एक पुस्तकात डोकं घालून बसलेली अन् एक भिंतीकडे पाहत बसलेला. स्वयंपाक दोघांनाही धड येत नव्हता. पण दुसऱ्या खोलीत कोणीतरी पानं उलटवून राहिलं आहे, एवढ्या आवाजावर माणूस जगतो.

निकाल लागला अन् पोरगी म्हणाली, मी इलेक्ट्रिकल घेते. त्या दिवसापासून घरात भांडण. दिलीपचं म्हणणं, कॉम्प्युटर घे. कॉम्प्युटरची सीट इथंच, भिलाईतल्या एका प्रायव्हेट कॉलेजात मिळत होती, रोज घरून स्कूटीनं जाता आलं असतं. इलेक्ट्रिकल मिळणार ते तिकडं दूर, बस्तरकडच्या सरकारी कॉलेजात, होस्टेलवर राहून.

आता माझं हित कशात होतं ते कोणालाही समजेल. तरी मी इलेक्ट्रिकलच्या बाजूनं उभा राहिलो. कावून, तेच सांगतो.

पहिली ठिणगी पडली सिविक सेंटरला. तिथल्या एका हॉलात कोणी कौन्सेलर येऊन पोरांना ब्रांच कशी निवडावी ते सांगणार होता. दिलीपनं पुण्याहून फोनवर हुकूम सोडला का तन्वीला घेऊन जा. गेलो. हॉल भरलेला, आईबाप पोरांपेक्षा जास्त. कौन्सेलर जवान माणूस, भर उन्हाळ्यात कोट घालून उभा. एकेका ब्रांचचं पडद्यावर चित्र दाखवून राहिला होता. कॉम्प्युटर आलं तेव्हा पडद्यावर हसणारी पोरगी. इलेक्ट्रिकल आलं तेव्हा हेल्मेटवाला मिशीवाला बाप्या. तन्वीनं हात वर केला अन् विचारलं, सर, इलेक्ट्रिकलमध्ये मुलींना कसं आहे.

तो हसला. म्हणाला, "बेटा, खंभे पे चढ़ोगी?"

सारा हॉल हसला. आया हसल्या, बापही हसले. माझ्या बाजूची बाई तर रुमाल तोंडाला लावून हसली.

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो अन् ओरडलो, "इस शहर के आधे कूलर मेरी घरवाली की वाइंडिंग पे चले हैं! लेडीज़ की बात करता है!"

आता लोक माझ्यावर हसले. कौन्सेलरनं माईक जवळ घेतला अन् गोडीनं बोलला, "दादाजी, वो कूलर है, ये करिअर है। कोई दादाजी को पानी दो भाई।" एका पोरानं खरोखर पाण्याची बाटली आणून दिली. मी ती हातात धरून उभा. बुद्धी नेमकी अशा वेळी दगा देते. बाहेर ऑटोत बसल्यावर मग शंभर उत्तरं आठवतात.

ऑटोत तन्वी बाहेर पाहत बसली. मला वाटलं त्या माणसावर रागावली असेल. पॉवर हाऊसचा पूल ओलांडल्यावर बोलली, "आबाजी, तुम्ही मध्ये कावून बोलले? मी त्याले उत्तर देणार होती. तुम्ही उभे राहिले अन् सगळे तुमच्याकडंच पाहाले लागले."

"तो तुले हसला ना!"

"मले हसला होता. मीच पाहून घेतलं असतं."

घरी येऊन तिनं चहा केला. माझ्यासमोर कप ठेवला अन् विचारलं, "आजी खरंच वाइंडिंग करे? मी आली तेव्हा तर ती डायलिसिसले जात होती. मले वाटे, दुकान तुमचं होतं."

दुकान माझं होतं असंच सगळ्यांना वाटे. बोर्डावर 'दिलीप इलेक्ट्रिकल्स' असं लिहिलं होतं, मुलाच्या नावानं. दिवसभर मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका रोलिंग मिलमध्ये ड्यूटी करी. घरच्या ओसरीत टेबल, भिंतीला हत्यारं, मोटर तपासायचा सिरीजचा बल्ब. लोक मोटर ठेवून जात अन् म्हणत, मिस्त्री आले का सांगा. मिस्त्री येईपर्यंत काम झालेलं असे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटर जळते म्हणजे तिच्या आतल्या तांब्याच्या तारेवरचं वार्निश जळतं अन् तार तारेला लागते. जुनी तार छिन्नीनं तोडून काढावी लागते. काढताना किती वेढे होते, कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेले, हे पाहून ठेवावं लागतं. मग लाकडी फर्म्यावर नवीन तार गुंडाळून कॉइल करायची. खाचेत कागद बसवायचा अन् त्यात ती कॉइल बांबूच्या चिपेनं हळूहळू दाबायची. तारेवर एक ओरखडा पडला तरी सगळी मेहनत पाण्यात. शेवटी सुताच्या दोऱ्यानं बांधायचं, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं. यात ताकद लागत नाही. लागतात बोटं, नजर अन् धीर. माझी बोटं मिलच्या कामानं जाड झालेली, अन् धीर माझ्या घराण्यात कोणालाच नाही. शेवंताजवळ तिन्ही होतं. तिनं शिकून घेतलं ते मला पाहून, मी एका सीझनला तापानं पडलो तेव्हा. मी बरा झालो तोपर्यंत तिचा हात माझ्यापुढं गेला होता. मी मग मोटर खोलणं, बेअरिंग ठोकणं अन् गिऱ्हाइकाशी बोलणं एवढं ठेवलं. चैत्र लागला का कूलरच्या मोटरींची रांग लागे अन् आमच्या घरच्या वरणालाही वार्निशचा वास येई.

पण हे बाहेर सांगायची सोय नव्हती. टाउनशिपमधले एक मास्तर होते. तिवारीजी म्हणतो मी त्यांना, खरं नाव दुसरं आहे. पाण्याच्या पंपाची मोटर घेऊन आले अन् ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी मी मिलमध्ये असताना पाहायला आले. शेवंता पदर खोचून ओसरीत बसलेली, त्यांची मोटर मांडीशी, अर्ध्या कॉइली भरलेल्या.

"मिस्त्री कहाँ है?"

"ड्यूटी पे हैं भैया।"

"तो ये कौन कर रहा है?"

"मैं।"

तिवारीजींनी मोटर तशीच, अर्धी भरलेली, पोत्यात घातली. म्हणाले, "हमारे घर में पीने का पानी चढ़ता है इससे।" बाईनं तार भरली म्हणजे पाणी कसं खराब होते, ते त्यांनाच ठाऊक. घेऊन गेले अप्पारावकडं. अप्पाराव दुसऱ्या रोडवरचा तेलुगू वाइंडर, माझा दोस्त. सीझनमध्ये त्याच्याकडं एवढं काम साचे का वरचं काम तो रिक्षानं आमच्याकडं पाठवी. संध्याकाळी रिक्षा आली. शेवंतानं पोतं उघडलं अन् खाली बसून हसत सुटली. तीच मोटर. तिच्याच हातच्या अर्ध्या कॉइली. तिनं उरलेल्या भरल्या, मोटर अप्पारावकडं परत, तिथून तिवारीजींकडं.

महिना झाला असेल. तिवारीजी मुद्दाम माझ्या ओसरीसमोर स्कूटर थांबवून बोलले, "मिस्त्री, देखो, अप्पाराव ने क्या काम किया है। आवाज तक नहीं। मर्द के हाथ की बात अलग होती है।"

शेवंता दारातूनच बोलली, "हाँ भैया, अच्छा हाथ है।"

मी तोंड उघडणार तर तिनं डोळे मोठे केले. ते गेल्यावर मी म्हणलं, "सांगू देत नाहीस कावून?"

"सांगा ना. पुढल्या चैत्रात अप्पारावकडूनही काम येणार नाही. मग मर्दाच्या हातचं जेवा."

कुरुदची एक भाजीवाली मात्र तिच्याच हाती पंखा देई. "तोर हाथ के पंखा ह बने चलथे बाई," असं म्हणे अन् वरून मूठभर मिरच्या टाकून जाई. तेवढंच एक सर्टिफिकेट शेवंताला मिळालं.

हे ऐकून तन्वी हसली नाही. तिनं विचारलं, "आजीले हे काम आवडे का?"

आवडे का नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्यात असं विचारत नाहीत. पण एक माहीत होतं, ते सांगितलं. शेवंताला राग येई. गिऱ्हाइकाचा नाही. समजत नाही याचा राग. ती चौथी शिकलेली बाई. एकदा पंख्याची मोटर टेबलावर चालू करून मला हाक मारली.

"आयकता का, इकडं या. हे पहा, मी कंडेन्सर काढला. आता ही नुसती घुंघुं करून राहिली, फिरत नाही. मी बोटानं इकडं ढकललं तर इकडं फिरते. तिकडं ढकललं तर तिकडं फिरते. कावून?"

मी म्हणलं, "तसंच असते."

"तसंच असते ते मलेही दिसते. कावून असते?"

मला माहीत असतं तर सांगितलं असतं. मला कसं भरायचं ते माहीत, कावून भरायचं ते नाही. माझ्या उस्तादालाही माहीत नव्हतं, अप्पारावलाही नाही. ती जेवताना विचारी, बाजारातून येताना विचारी. शेवटी मी मिलमधल्या इंजिनिअर साहेबाला विचारलं. चांगला डिग्रीवाला. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी त्याच्या ताटात हात घातला. बोलला, "मिस्त्री, मोटर चलाओ, दिमाग मत चलाओ।"

या वाक्याचा राग माझा अजून गेला नाही. ज्ञान त्याच्या बापाचं होतं का? सांगितलं असतं तर कमी झालं असतं? घरी एक बाई हातात मोटर घेऊन विचारून राहिली आहे अन् ज्याच्याजवळ उत्तर आहे तो ते कुलपात ठेवतो, अन् मग हीच मंडळी भाषणात म्हणतात का बायकांना या लाइनीत इंटरेस्ट नाही!

बऱ्याच काळानं मिलमध्ये एक मॅडम आली. ट्रेनी इंजिनिअर, इलेक्ट्रिकलची, दुर्गकडची, दिसायला चिमणीएवढी. मी तिला भीत भीत विचारलं. तिनं खडू घेतला अन् फरशीवर बसून मोटर काढली. म्हणाली, "देखो चाचा, एक कॉइल अकेली हो तो उसका धक्का इधर भी बराबर, उधर भी बराबर। मोटर बेचारी किधर जाए? कंडेन्सर लगाओ तो दूसरी कॉइल का धक्का ज़रा पहले आता है। बस, रास्ता मिल गया।"

मी हे तोंडपाठ करत सायकलवर घरी आलो. शेवंताला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. मग म्हणाली, "पण कंडेन्सर लावला तर दुसरीचा धक्का आधी कावून येते?"

"ते इचारलंच नाही."

"अर्धंच आणलं. उद्या इचारून या."

तो उद्या आला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी मिलमध्ये कुलपाचं भांडण झालं.

ते काय, तेही सांगतो, कावून का इलेक्ट्रिकल म्हणजे फक्त मोटर नाही. क्रेनवर किंवा मशीनवर काम करायला माणूस चढतो तेव्हा खाली मेन स्विच पाडून त्याच्या दांड्याला कुलूप लावतात, म्हणजे कोणी चुकून चालू करू नये. आमच्या मिलमध्ये रीत अशी होती का जो चढेल त्यानं आपलं स्वतःचं कुलूप लावावं अन् चावी करदोट्याला बांधावी. खिशात नाही, करदोट्याला. खिशातून पडते, कोणी शर्ट टांगलेला असला तर काढून घेते. करदोट्याला हात घालायची कोणाची हिंमत? चार माणसं चढली तर दांड्याला चार कुलुपं. नवीन पोरं हसत, पण चढताना सगळे बांधत.

त्या दिवशी क्रेनवर आमचे लोक होते अन् गेटवर माल भरायला ट्रक उभे. मॅनेजर ओरडत आला, किती वेळ लावता, कुलपं कापा. एकाच्या हाती हॅक्सॉ दिला. मॅडम जाऊन स्विचला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, "ऊपर आदमी है सर। नीचे आएगा, अपनी चाबी से खोलेगा।" मॅनेजर बोलला, "लेडीज़ को बिजली में लाओ तो यही होता है। डर जाती हैं।"

डरली ती होती का तो? ती तर हलली नाही. लोक खाली आले, चाव्या काढल्या, कुलपं उघडली, क्रेन चालू झाली. एवढंच. कोणी मेलं नाही, म्हणून कोणी तिला शाबासही म्हणलं नाही. उलट तिला खालून उचलून ऑफिसात फायली लावायला बसवलं. थोड्या दिवसांनी ती सोडून गेली. मला निरोप घ्यायलाही मिळालं नाही अन् शेवंताचा प्रश्न अर्धाच राहिला.

पुढं मॅनेजरनं नवा नियम काढला. सगळ्यांचं मिळून एकच कुलूप, चावी सुपरवायझरजवळ. वेळ वाचते म्हणे. ठेकेदाराचा एक माणूस होता दुकालू, पोरंबाळंवाला, मेहनती. एका दुपारी दुकालू अन् त्याचा जोडीदार दोघं वर होते. जोडीदाराचं काम झालं, तो उतरला. सुपरवायझरला वाटलं दोघंही उतरले. त्यानं कुलूप उघडलं अन् स्विच चढवला. दुकालू जिवंत राहिला, पण उजवा हात कोपरापासून गेला. मिलवाले म्हणाले, आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, आम्ही तर सेफ्टीचे जोडे दिले होते. जोडे! आज दुकालूची पानाची गुमटी आहे खुर्सीपारच्या गेटाजवळ, डाव्या हातानं पान लावतो. मी त्याच्याकडून पान घेतो अन् मनातल्या मनात मॅनेजरला शिव्या देतो. शेवंता मोठ्यानं देई.

हे सगळं मी तन्वीला सांगितलं. काही लपवलं नाही. ऐकून तिनं चहाचे कप उचलले अन् मला वाटलं, झालं, आता ही कॉम्प्युटर घेणार. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दिलीपचा फोन. त्याला तन्वीनंच दुकालूचं सांगितलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, हे तुम्ही तिले समजावून राहिले का भडकवून राहिले? तुम्ही स्वतः त्या माणसाचा हात पाहिला. अन् माझ्या पोरीले तिथं धाडता?"

"म्हणूनच म्हणतो. तिथं स्विचले पाठ लावून उभं राहणारं कोणी पाहिजे."

"दुसऱ्याची पोरगी उभी राहू द्या ना! माझीच कावून?"

बाप म्हणून तो बरोबर होता. पण बरोबर असला म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे.

मग तो आवाज उतरवून बोलला, "आई गेली. तुम्ही एकटे. ती तिथंच शिकली तर चार वर्षं घरात कोणी राहील. रात्री तुमचं काही दुखलं खुपलं तर डॉक्टरले फोन कराले कोणी असलं पाहिजे का नाही? मी इथून काय करू?"

मी म्हणलं, "माझं नाव मध्ये घालू नको."

"तुमचं नाव मी नाही घालणार तर कोण घालणार?"

फोन मीच ठेवला. जोरात ठेवता येत नाहीत आजकालचे फोन, तेही एक दुःख आहे.

तन्वी समोरच बसली होती. तिनं फिरून तेच विचारलं, तिच्या पद्धतीनं, बिना आवाज चढवता. "मी गेली तर तुमचं कसं?"

आता इथं माणसाला फार सोपं असतं. नुसतं खाली पाहायचं. एक उसासा टाकायचा. पोरगी राहिली असती. मी हे जाणून होतो, अन् जे कोणी माझ्या वयाचे हे वाचत असतील त्यांनाही माहीत आहे का आपल्या हातात आता तेवढीच एक ताकद उरली आहे. कितीतरी पोरींच्या ब्रांचा अन् नोकऱ्या अन् लग्नं अशा एका उसाश्यावर ठरली आहेत. त्याला आपण प्रेम म्हणतो.

मी म्हणलं, "मी म्हातारा माणूस आहे. तुझी ब्रांच नाही. तुले काय शिकाचं आहे ते सांग."

"मले इलेक्ट्रिकल शिकाचं आहे. हात गेला त्याची भीती वाटते. पण शिकाचं आहे."

"मग भीती सोबत घेऊन जा. भीती नसलेला माणूस या लाइनीत मले नकोच."

"पप्पा बोलणार नाहीत माझ्याशी."

"तुझ्याशी बोलंल. माझ्याशी नाही बोलणार. मी पाहून घेईन."

तिनं मोबाइलवर पहिली पसंती भरली. मी चष्मा लावून पाहिलं, पण मला एवढं बारीक दिसत नाही. तिनं वाचून दाखवलं.

सुपेल्याहून सकाळच्या बसनं ती गेली. दिलीप आला नाही, सुनबाई आली, गादी अन् बादली घेऊन दिली, तीच तिला होस्टेलवर सोडून परस्पर पुण्याला गेली. दिलीपनं माझ्याशी बोलणं खरंच बंद केलं. माझ्या दवाखान्याचे पैसे येत, शब्द येत नव्हते. मी सकाळी एक वेळा खिचडी टाकी अन् तीच संध्याकाळी खाई. दुसऱ्या खोलीचं दार मी लोटून घेतलं. उघडं दार पाहून माणूस उगाच तिकडं हाक मारतो.

ते जाऊ द्या. हा लेख रडण्याचा नाही.

गणपती उठले त्यानंतर एका दिवशी तन्वीचा फोन आला. आवाज कडक. पहिल्यांदाच लॅब होती. टेबलाटेबलावर वायर जोडून मीटरचं रीडिंग घ्यायचं. लॅबचा माणूस मुलींना म्हणाला, तुम्ही रीडिंग लिहा, वायर मुलं जोडतील.

मी म्हणलं, "नाव सांग त्याचं. मी येतो उद्याच्या बसनं."

"आबाजी, बसा घरी. आधी पूर्ण आयका. मी म्हणलं, मीच जोडते. जोडली. चुकली, मीटर भलतीकडं जोडला. फ्यूज उडला."

"उडू दे. उडाच्यासाठीच असते तो."

"ते नाही. बाजूच्या टेबलावर पोरांचाही उडला, तीच चूक. त्यांना म्हणाला, होता है, होता है, अन् नवीन फ्यूज दिला. मले म्हणाला, इसीलिए बोला था।"

काय म्हणावं? पोराचा फ्यूज उडला तर फ्यूज कच्चा. पोरीचा उडला तर पोरगीच कच्ची. चूक एक, टेबल बाजू-बाजूला, अन् वाक्यं दोन. शेवंता जाऊन इतके दिवस झाले, तिवारीजींचे वारस नोकरीवर हजर.

"मग?" मी विचारलं.

"मी फ्यूज मागितला. तो म्हणाला, कल आना। मी म्हणलं, आज दीजिए सर, मेरा रीडिंग बाकी है। तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मी तिथंच उभी. सगळे गेले. त्याले लॅबले कुलूप लावाचं होतं, अन् मी उभी."

"दिला का?"

"दिला. अन् दुसऱ्यांदा बरोबर जोडली. ठेवते, मेस बंद होईल."

फोन ठेवल्यावर माझ्या अंगात एवढा राग अन् एवढा आनंद एकदम आला का घरात मला बसवेना. कोणाला तरी सांगितल्याशिवाय तो उतरला नसता. मी मुलालाच फोन लावला. त्यानं उचलला, पण हॅलो म्हणला नाही. मी सरळ सुरू केलं. लॅब, मीटर, पोरांचा फ्यूज, पोरीचा फ्यूज, इसीलिए बोला था, सगळं एका दमात सांगितलं. ती उभी राहिली इथपर्यंत आलो अन् मला खोकला लागला, बोलताच येईना.

मला वाटलं यानं ठेवून दिला.

मग दिलीप बोलला. इतक्या महिन्यांनी पहिला शब्द, तोही असा चिडून का जसा माझ्यावरच चिडला आहे.

"बाबा! आधी सांगा ना. दिला का त्या माणसानं?"